दुसऱ्यांदा बदललेला गुडघा आणि खारबांधाची खांड



डिसेंबरात वालाच्या पेरणीची नोंद टाकली आणि त्यानंतर एकदम राबाचा फोटो. मधले चार महिने पेज गप्प का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण घरातलं होतं. आईच्या उजव्या गुडघ्याची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. २०१२ साली बसवलेला सांधा काढला आणि त्याजागी मोठा, लांब दांड्याचा सांधा बसवला. डॉक्टर लोक याला रिव्हिजन म्हणतात.

शेताच्या नोंदीत गुडघा कशाला, असं वाटेल कुणाला. पण बघा, आपल्या भिवंडी पट्ट्यात भातलावणी केलेली साठीच्या पुढची बाई आणि तिचा गुडघा ठणठणीत, असं घर शोधावं लागेल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव सांधे बदलले गेले. ते सांधे आता जुने होत आहेत. म्हणजे दुसऱ्यांदा बदलायची वेळ अनेक घरांवर येणार आहे. आमच्यावर आली तेव्हा माहिती गोळा करायला फार फिरावं लागलं. ती एका जागी असावी म्हणून ही नोंद. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. आपण म्हणतो "वाटी बदलली". वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचं गोल हाड. शस्त्रक्रियेत मुख्य काम होतं ते मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. झिजलेला पातळ थर कापून तिथे धातूची टोपी आणि धातूची बैठक बसवतात, आणि मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे खास कठीण प्लास्टिकची चकती. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा डॉ. चित्तरंजन रानावत यांनी बदलला. आपल्याकडे या शस्त्रक्रियेचं नाव घरोघर पोचलं ते तेव्हापासून.

आईचा पहिला सांधा बारा वर्षं छान चालला. तिने त्याच्यावर काय काय केलं ते विचारू नका. डॉक्टरांनी उकिडवं बसू नको सांगितलं, तर ही पाटावर बसून मासे साफ करणार. लावणी सोडली, पण आवण काढायला पाट घेऊन शेतात हजर. मागच्या पावसाळ्यात ती बांधावरून चालताना उजवा पाय बाहेर टाकायला लागली. पहिली चार पावलं दुखायची, मग कमी व्हायचं. बसून उठलं की परत तेच. तिने कुणाला सांगितलं नाही. नवरात्रात देवीला जाताना जिना चढवेना, तेव्हा बोलली.

हे "पहिली चार पावलं दुखणं" लक्षात ठेवा. सांधा हाडातून सुटायला लागला की असं होतं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. मांडवाचा खांब जमिनीत ढिला झाला की पहिल्या धक्क्याला हलतो, तसं.

आता सांधा सुटतो कशाने? कारणं मोजकी आहेत. एक म्हणजे झीज. प्लास्टिकची चकती घासून तिचे अगदी बारीक कण सुटतात. शरीरातल्या पेशी ते कण गिळायला धावतात आणि त्या गडबडीत आजूबाजूचं हाडच पोखरलं जातं. दुसरं, जंतुसंसर्ग. तिसरं, पडल्यामुळे धातूच्या शेजारचं हाड मोडणं. चौथं, सांध्याच्या बाजूचे अस्थिबंध सैल पडून तो डगमगणं. खुब्यात गोळा निसटणं हेही त्यातच आलं.

झिजेची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या इस्पितळात जॉन चार्नली या सर्जनने खुब्याच्या सांध्यात आधी टेफ्लॉन वापरलं होतं. ते भराभर झिजलं आणि कितीतरी सांधे परत उघडावे लागले. मग १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीन आणलं. आजचा खुबा आणि गुडघा त्याच वाटेवर उभा आहे. म्हणजे फेरशस्त्रक्रियेचा प्रश्न सांधेरोपणाच्या जन्मापासूनचा आहे.

किती वर्षं टिकतो मग? २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात परदेशातल्या मोठ्या नोंदवह्यांवरून आकडे आले. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के. त्याआधी २०१७ साली त्याच नियतकालिकात दुसरी गोष्ट आली होती. सत्तरीनंतर सांधा बदलला तर आयुष्यात परत बदलायची वेळ येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. पण पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. सरळ हिशेब आहे. लवकर बदलला की पुढे वर्षं जास्त आणि वापरही जास्त. म्हणून "दुखतंय, टाका बदलून" असं पन्नाशीत कुणी म्हणत असेल तर दहा वेळा विचार करा. आणि सत्तरीत डॉक्टर बदला म्हणत असतील आणि माणूस अंथरुणाला खिळत असेल तर उगाच घाबरूही नका.

आईची तपासणी कशी झाली ते सांगतो, कारण इथेच घाई होते. आधी उभं राहून घेतलेले एक्स-रे. त्यात नडगीकडची धातूची बैठक आतल्या बाजूला खचलेली दिसली. मग रक्ताच्या दोन तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी. त्यानंतर सुईने सांध्यातलं पाणी काढून जंतू तपासायला पाठवलं. मी विचारलं, एक्स-रेमध्ये दिसतंय ना सुटलंय ते, मग हे सगळं कशाला? डॉक्टर म्हणाले, "सुटलंय हे दिसतंय. का सुटलं ते दिसत नाही. जंतू असतील आणि मी तसाच नवा सांधा बसवला, तर तोही जाईल."

पिवळं पडलेलं भात बघून कुणी लगेच युरियाची गोणी फोडत नाही. नत्र कमी आहे, की पाणी तुंबलंय, की खार वर आलाय, हे बघावं लागतं. तसंच हे. ज्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालाय त्यांनी हा एक प्रश्न विचाराच: "सांधा का बिघडला, ते नक्की झालं का?" कारण न कळता केलेली फेरशस्त्रक्रिया बहुतेक वेळा पैसा आणि हाड दोन्ही घालवते.

जंतू सापडले असते तर मार्ग वेगळा होता. बरेचदा अशी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करतात. जुना सांधा काढतात, पोकळीत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे औषधं देतात, आणि संसर्ग गेल्याची खात्री झाली की नवा सांधा. आईचा अहवाल स्वच्छ आला. एकाच वेळी काम होणार होतं. घरात सगळ्यांनी श्वास सोडला.

आता मोठ्या सांध्याकडे येऊ. मला हे समजायला आपला खारबांध कामी आला.

आपलं कशेळी खाडीच्या काठचं. उधाणाचं पाणी अडवायला बांध, आणि बांधाला खांड पडणं आपल्याला नवं नाही. खांड लहान असताना चार घमेली चिखल मारला, पेंढा दाबला, काम होतं. पण खांड मोठी झाली, पाण्याने दोन्ही बाजूंची माती खाल्ली, की नुसतं भोक बुजवून भागत नाही. भुसभुशीत झालेली माती आधी काढावी लागते. दोन्ही बाजूंना घट्ट बांध लागेपर्यंत मागे जावं लागतं. मग मोठे दगड, खुंट, आणि वर माती. खांड हातभर असली तरी काम पाच हातांचं होतं.

दुसऱ्या वेळचा गुडघा अगदी असाच. जुना सांधा काढताना थोडं हाड जातं, पोखरलेलं आधीच गेलेलं असतं, आणि उरलेल्या टोकात खड्डा. पहिल्या वेळी बसवला तसा छोटा सांधा या खड्ड्यावर टिकत नाही. म्हणून तीन गोष्टी करतात. खड्डा लहान असेल तर सिमेंटने किंवा धातूच्या पाचरीने भरतात. मोठा असेल तर सच्छिद्र धातूचा नरसाळ्यासारखा तुकडा, त्याला कोन म्हणतात, हाडाच्या पोकळीत घट्ट बसवतात. टँटॅलम किंवा टायटॅनियमचा हा तुकडा स्पंजासारखा छिद्रांचा असतो. त्या छिद्रांत हळूहळू हाड वाढतं आणि तो शरीराचाच होतो. स्लीव्ह नावाचा असाच दुसरा प्रकार आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे लांब दांडा, स्टेम. टोकाकडचं हाड कमजोर, म्हणून दांडा हाडाच्या नळीत आतवर जाऊन तिथल्या घट्ट भागाचा आधार घेतो. खाडीत मेट्रोचे खांब उभे राहताना आपण पाहिलेत. चिखलावर खांब उभा राहत नाही, कठीण थर लागेपर्यंत खाली जावं लागतं. तेच.

अस्थिबंधही गेले असतील तर बिजागरीचा सांधा लागतो, दाराच्या बिजागरीसारखा वरचा आणि खालचा भाग जोडलेला. तो डगमगत नाही, पण सगळा ताण दांड्यांवर आणि हाडावर येतो, म्हणून गरज असेल तरच वापरतात. आणि हाडाचा मोठा तुकडाच गेला असेल तर मेगाप्रोस्थेसिस, म्हणजे मांडीच्या हाडाचा खालचा आख्खा भागच धातूचा. हे तंत्र आलं हाडाच्या कॅन्सरवरून. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या रुग्णांचे पाय कापण्याऐवजी असे सांधे बसवून वाचवतात. परदेशी सांधे महाग, म्हणून टाटाच्या डॉक्टरांच्या साथीने पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या चमूने देशी सांध्यावर काम केलं. आपल्यापासून तासाभरावर हे घडतं आणि आपल्याला माहीत नसतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाने रुग्णालयात मोठमोठे स्टीलचे डबे उतरवले. मी मोजले, अकरा. मी म्हटलं, एका गुडघ्याला एवढं? डॉक्टर म्हणाले, "जुना सांधा काढल्याशिवाय आत हाड किती उरलंय ते नक्की कळत नाही. एक्स-रेमध्ये दिसतं त्याहून कमीच निघतं. म्हणून लहान, मोठं, बिजागरीचं, सगळं हाताशी ठेवायचं." आतून निघालं तसंच. खड्डा अंदाजापेक्षा मोठा होता. नडगीत कोन आणि लांब दांडा, मांडीच्या हाडातही दांडा बसला. बिजागरी लागली नाही. चार तास लागले. पहिल्या वेळी दीड तासात बाहेर आणलं होतं.

हे झालं तंत्राचं. पण आमच्या घरात खरी ओढाताण झाली ती आधी.

खर्चाचा अंदाज आला तेव्हा त्याला वरची आणि खालची अशी दोन टोकं होती, कारण कोणता सांधा लागेल ते ठरलेलं नव्हतं. आमचं उरलेलं शेत तीस गुंठे. बाजूचं सगळं गोदामात गेलं. दादाने बोलून दाखवलं, रस्त्याकडचे दहा गुंठे भाड्याने देऊ, आगाऊ रक्कम मिळेल, आईचा पाय होऊन जाईल. त्याचं चूक नव्हतं. कशेळी, काल्हेर, पूर्णा, कुठेही बघा, अडीअडचणीला जमीन हेच एक नाणं लोकांच्या हातात उरलंय.

आई पायऱ्यांवर बसली होती. म्हणाली, "मना नाय कापाचा परत. आन् शेत तं नायच द्याचा. शेत गेला तं नवा पाय घेवन मी चालू कुठं? गोदामाच्या दारात?"

दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच पाटल्या काढून ठेवल्या. दादाने आणि मी राहिलेला भार अर्धा-अर्धा उचलला. दहा गुंठे जागच्या जागी राहिले. दरवेळी असं जमतंच असं नाही, हे मला माहीत आहे. ज्यांनी जमीन देऊन आईबापाचा पाय केला त्यांना नाव ठेवायची माझी लायकी नाही.

किमतीबाबत एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. १६ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांना कमाल किंमत लावली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये, त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या पुढे होता. टायटॅनियम वगैरे खास धातूंचा ७६,६०० रुपये. फेरशस्त्रक्रियेचा सांधा ६२,७७० रुपये. कॅन्सरसाठीचे खास सांधे १,१३,९५० रुपये. वर जीएसटी. पुढे या किमतींत फेरबदल झाले, तेव्हा आजचा दर विचारून घ्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. मात्र सांध्याची किंमत बांधली म्हणून शस्त्रक्रियेचा एकूण खर्च बांधला असं होत नाही. खोली, भूल, रक्त, औषधं, व्यायाम सगळं वेगळं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी विचारा. दाखल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता खुब्याचं. आमच्या पलीकडच्या आळीतले एक काका आहेत, खुबा आठ वर्षांपूर्वी बदललेला. गेल्या गणपतीत शेवाळलेल्या बांधावरून घसरले आणि आतल्या धातूच्या दांड्याच्या शेजारीच मांडीचं हाड मोडलं. दांडाही हलला होता. त्यांना खोबणीचा, खाली निमुळता होत जाणारा लांब टायटॅनियमचा दांडा बसवला आणि हाडाभोवती तारा आवळल्या. तिथेही नियम बांधाचाच. मोडलेल्या जागेपाशी थांबायचं नाही, हाडाच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर पुढे, घट्ट हाडात दांडा गेला पाहिजे. खुब्याच्या वाटीकडचं हाड झिजलं तर तिथे नेहमीपेक्षा मोठी वाटी, जंबो कप बसवतात, आणि त्याहून मोठा खड्डा असेल तर सच्छिद्र धातूच्या पाचरी. काका आता काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत येतात. सांधा बदललेल्या माणसाने पावसात एकट्याने बांधावर जाऊ नये, एवढं त्यांच्याकडून सगळी आळी शिकली.

खुब्याचा विषय निघाला की एएसआरची गोष्ट सांगायलाच हवी. ही जगाची गोष्ट आहे आणि आपल्या राज्याचीही. डी-पाय या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा होता. मोठा गोळा आणि वाटी, दोन्ही धातूचे, मध्ये प्लास्टिक नाही. जास्त टिकेल असा भरवसा होता. झालं उलटं. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरायला लागलं. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे परत बदलावे लागल्याचं दिसलं आणि २४ ऑगस्ट २०१० ला कंपनीने जगभरातून तो मागे घेतला. भारतात सुमारे ४,७०० जणांना हा सांधा बसला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने विषय लावून धरला, मुंबईतले रुग्ण पुढे आले. केंद्राने २०१७ साली डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने किमान २० लाखांची भरपाई सुचवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचं सूत्र ठरलं. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने फेरशस्त्रक्रिया झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली.

यात मला सगळ्यात बोचलेली गोष्ट कोणती? ४,७०० पैकी मदतवाहिनीवर सापडले साधारण १,०८० जण. बाकीचे कुठे आहेत, कसे आहेत, पत्ताच नाही. कागद नाहीत. आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं.

आता आमच्या आईची पेटी. पत्र्याची जुनी पेटी, तिच्यात सातबारा, खारबांधाच्या जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, आणि त्यातच २०१२ ची गुडघ्याची फाईल. आईला वाचता येत नाही. पण कागद फेकायचा नाही हे तिला पक्कं माहीत. त्या फाईलमध्ये सांध्याचे स्टिकर होते, कंपनीचं नाव, माप, क्रमांक. डॉक्टरांनी ते बघितले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही माझं अर्धं काम केलंत." कोणता सांधा आत आहे हे कळलं की तो काढायची बरोबर हत्यारं मागवता येतात. काही रुग्णांत फक्त प्लास्टिकची चकतीच बदलून भागतं, पण त्याच कंपनीची आणि त्याच मापाची मिळाली तर.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या कामाची. पाय. आपण पावसाळाभर चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचेला भेगा, काडी घुसलेली जखम. साध्या माणसाला याचं काही वाटत नाही. पण शरीरात धातूचा सांधा असेल तर पायाच्या जखमेतला जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतो, आणि धातूवर एकदा त्याचा थर बसला की औषध तिथे नीट पोचत नाही. बिघडलेल्या दाताचंही तसंच. मधुमेह असेल तर धोका वाढतो. सांधा बदललेल्यांनी चिखल्या आणि जखम अंगावर काढू नये. गुडघा एकदम लाल, गरम झाला, ताप आला, तर गावठी लेप नको, मनाने प्रतिजैविकाची गोळीही नको. थेट सर्जन. आधीच गोळी घेतली तर तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि सगळंच अडतं.

आणि शेवटी मूळ प्रश्न. गुडघे जातात कशाने? वय, वजन, घराण्याचा वारसा, हे सगळं आहे. पण वर्षानुवर्षं उकिडवं बसणं, वाकून लावणी, डोक्यावर भारा, हेही आहे. युरोपातल्या अभ्यासांत शेतकऱ्यांमध्ये खुब्याची झीज इतरांपेक्षा जास्त आढळलेली आहे. लावणीच्या वेळी आपण एकरी किती मजूर लागले ते लिहितो, किती गुडघे लागले ते लिहीत नाही. शेतीतज्ज्ञ मंडळी हे पेज वाचतात, त्यांना माझी विनंती आहे. नवीन तंत्राची शिफारस करताना उत्पादन आणि खर्चासोबत हाही रकाना ठेवा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा भात तंत्र, म्हणजे गादीवाफ्यावर टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही, हे मी आतापर्यंत फक्त खर्चाच्या अंगाने बघत होतो. यंदा वरच्या खाचरात पाच गुंठ्यांवर करतोय. खालच्या खाचरात पाणी तुंबतं, तिथे लावणीच. तिथे आवण काढायला बसायला बुटकी स्टुलं केली आहेत. बायका आधी हसल्या, आता आणखी दोन मागितली आहेत.

ज्यांच्या घरी सांधा बदललेला माणूस आहे त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. सांध्याचे स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सातबाऱ्यासारखे जपा. मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.
२. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढा. हाड पोखरणं सुरुवातीला दुखत नाही. लवकर कळलं तर लहान काम, उशिरा कळलं तर मोठा सांधा.
३. बरा असलेला सांधा दुखायला लागला तर "वयाचं आहे" म्हणून सोडू नका.
४. फेरशस्त्रक्रियेआधी कारण विचारा. सांध्यातलं पाणी तपासलं का, ते विचारा.
५. फेरशस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. पहिल्या वेळची शस्त्रक्रिया आणि ही, वेगळी कामं आहेत. दुसरा सल्ला घ्यायला लाजू नका.
६. रक्त, साखर, दात, पायाच्या जखमा आधी ठीक करून घ्या.
७. घरात कमोड, संडासात धरायला दांडी, उंबऱ्याला उतार. हे शस्त्रक्रियेच्या आधी करा.

आईची आजची स्थिती अशी. दीड महिना वॉकर, मग काठी. गुडघा साधारण नव्वद अंशांपर्यंत वाकतो, पहिल्यापेक्षा कमी. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. रात्री थोडं दुखतं. पाय आता सरळ पडतो. जमिनीवर बसायचं नाही, हे तिला अजून पटलेलं नाही, भांडण रोज. हा सांधा आणखी किती वर्षं जाईल याची हमी कुणी देत नाही. तिसऱ्यांदा वेळ आली तर हाड याहून कमी असेल, म्हणून आहे तो जपायचा.

तुमच्या घरी कुणाची फेरशस्त्रक्रिया झाली असेल तर अनुभव लिहा. कोणत्या वर्षी सांधा बसला, किती वर्षं चालला, दुखणं कसं सुरू झालं, एवढं लिहिलं तरी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाचं नाव टाकून वाद नकोत.

शेताची नोंद: रोहिणी लागली. राब भाजून तयार. बियाणं कर्जत-३. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून तरंगलेलं बी काढलं, खालचं बी दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलं. तरंगलेलं बी यंदा जरा जास्त निघालं. गोदामाच्या भरावामुळे पूर्वेकडचा ओहोळ बुजत आलाय, या आठवड्यात तो उकरायचा आहे. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी सकाळी फावडं घेऊन या. चहा आमच्याकडे.